गुणांच्या चाळणीत माणूस

स्वतःला इजा करून घेतलेला माणूस रुग्णालयात येतो, उपचारांनी वाचतो, सलाईन निघते, तब्येत स्थिरावते. मग कोणत्याही रक्ततपासणीत ज्याचे उत्तर मिळत नाही असा एक प्रश्न डॉक्टरांसमोर उभा राहतो : याला घरी पाठवायचे का? पाठवले तर हा पुन्हा तेच करील का? या प्रश्नाचे उत्तर आकड्यात मिळावे म्हणून मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ अनेक दशके मोजपट्ट्या तयार करीत आले आहेत. चार, दहा किंवा वीस प्रश्न, प्रत्येकाला गुण, गुणांची बेरीज आणि बेरजेवरून ‘कमी’, ‘मध्यम’ किंवा ‘जास्त’ धोका असा शिक्का. या मोजपट्ट्या कशा जन्मल्या, कितपत खऱ्या ठरल्या आणि खोट्या ठरूनही का टिकल्या, हा या लेखाचा विषय.

मी डॉक्टर नाही. माझी उमेदीची वर्षे विम्याच्या कचेरीत गेली आणि तिथल्या मृत्युमानाच्या तक्त्यांनीच मला या विषयाकडे आणले. चाळिशीच्या दहा हजार माणसांपैकी वर्षभरात साधारण किती जातील हे तक्ता बऱ्यापैकी बिनचूक सांगतो. त्यातला कोण जाईल हे तो सांगत नाही आणि विमा कंपनीला त्याची गरजही नसते. दहा हजारांचे हप्ते एका पेटीत जमा होतात, एकीकडे झालेली चूक दुसरीकडे भरून निघते. रुग्णालयाच्या वॉर्डात अशी पेटी नसते. तिथे समोर एकच माणूस बसलेला असतो आणि त्याच्याबाबतीत झालेली चूक कुठेच भरून निघत नाही. समूहाचा आकडा एका माणसाच्या कपाळावर चिकटवता येतो का, हा या साऱ्या इतिहासातला मूळ प्रश्न आहे.

त्याचे उत्तर फार लवकर मिळाले होते. १९५४ साली अल्बर्ट रोझेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक छोटा निबंध लिहिला. समजा, १२,००० मनोरुग्ण आहेत आणि त्यांपैकी ४० जण आत्महत्या करणार आहेत. आपल्या हाती एक चाचणी आहे, ती दोन्ही बाजूंनी ७५ टक्के बरोबर येते. म्हणजे ४० पैकी ३० जण ती अचूक पकडील. ऐकायला हे फार चांगले वाटते. पण उरलेल्या ११,९६० जणांपैकी पाव हिस्सा, म्हणजे २,९९० जण, त्याच जाळ्यात विनाकारण अडकतील. चाचणीने बोट दाखवलेल्या ३,०२० माणसांत खरे फक्त ३०, म्हणजे शंभरात एक. आणि उरलेले १० जण ‘धोका नाही’ असा दाखला घेऊन घरी जातील. यात चाचणी तयार करणाऱ्याचा दोष नाही. जी घटना मुळातच विरळ असते, तिचे भाकीत करायला गेले की गणित असेच उलटते. गव्हाच्या पोत्यातून मोजके खडे वेचायचे, आणि चाळणी अशी की खड्यांबरोबर पायलीभर गहूही खाली पडतो.

हा निबंध छापला गेला, त्याचे दाखलेही दिले गेले आणि मोजपट्ट्या तयार होतच राहिल्या.

०००

१९७४ साली फिलाडेल्फियाचे आरन बेक आणि त्यांचे सहकारी यांनी निराशा मोजणारी पट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात २० विधाने होती, प्रत्येकापुढे खरे की खोटे एवढेच लिहायचे. बेक हे मोठे नाव. विचारांची मोडणी बदलून नैराश्यावर उपचार करण्याची जी पद्धत आज जगभर वापरली जाते, तिचे ते जनक. १९९० मध्ये त्यांनी बाह्यरुग्ण विभागातल्या १,९५८ जणांचा अभ्यास मांडला. पुढे आत्महत्या केलेल्या १७ पैकी १६ जणांचे गुण ९ किंवा त्याहून अधिक होते. सतरात सोळा! हा आकडा सगळीकडे गाजला. मात्र ज्यांनी आत्महत्या केली नाही त्यांच्यापैकीही निम्म्याहून अधिक लोक त्या रेषेच्या वरच होते, ही दुसरी बाजू त्या मानाने मागे पडली. रेषा जितकी खाली ओढावी तितके जास्त सापडतात. शून्यावर ओढली तर सगळेच सापडतील.

दरम्यान १९८३ साली ह्यूस्टनच्या ॲलेक्स पोकॉर्नी यांनी रोझेनचे कागदावरचे गणित प्रत्यक्ष माणसांवर तपासले होते. माजी सैनिकांच्या रुग्णालयात मनोविकार विभागात ओळीने दाखल झालेले ४,८०० रुग्ण त्यांनी घेतले, हाताशी असलेल्या सगळ्या चाचण्या लावल्या आणि चार ते सहा वर्षे वाट पाहिली. तेवढ्यात ६७ जणांनी आत्महत्या केली. आधी ‘जास्त धोक्याचे’ म्हणून वेगळे काढलेले होते ८०३. त्यांत या ६७ पैकी ३० होते. उरलेले ३७ जण, म्हणजे अर्ध्याहून जास्त, ज्यांची फारशी काळजी नाही असे ठरले होते त्यांच्यातले निघाले. पोकॉर्नींचा निष्कर्ष स्पष्ट होता : अमुक एका माणसाविषयी असे भाकीत करणे आज शक्य नाही.

गंमत अशी, की ज्या वर्षी हा निष्कर्ष छापला गेला त्याच वर्षी सगळ्यांत लोकप्रिय ठरलेली मोजपट्टी जन्माला आली. तिचे नाव ‘सॅड पर्सन्स’, म्हणजे ‘दुःखी माणसे’. या दोन इंग्रजी शब्दांतल्या दहा अक्षरांवरून दहा मुद्दे लक्षात ठेवायचे : पुरुष आहे का, वय १९ पेक्षा कमी किंवा ४५ पेक्षा जास्त आहे का, नैराश्य, पूर्वीचा प्रयत्न, दारू, विवेक सुटलेला असणे, आधाराचा अभाव, ठरवून केलेली योजना, जोडीदार नसणे, आजारपण. प्रत्येकाला एक गुण. शून्य ते दोन आले तर घरी पाठवा आणि पुन्हा बोलवा, सात किंवा जास्त आले तर दाखल करा. पॅटरसन आणि सहकाऱ्यांनी ही पट्टी वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी रचली होती. ती शिकलेल्या विद्यार्थ्यांचा अंदाज अनुभवी मनोविकारतज्ज्ञांच्या अंदाजाच्या जवळ आला, एवढेच तेव्हा दाखवले गेले. रुग्णांचे पुढे काय झाले याच्याशी ती ताडून पाहिली गेली नव्हती. पाठांतराची ही क्लृप्ती वर्गातून निघाली आणि देशोदेशीच्या अपघात विभागांत निर्णयाची फूटपट्टी होऊन बसली.

ती आपल्याकडे लावली तर काय होईल, हे मी मनाशी मांडून पाहिले. बावीस वर्षांची विवाहित स्त्री. पुरुष नाही, शून्य. वय मधले, शून्य. नवरा आहे, शून्य. दारू नाही, मोठे आजारपण नाही, आधीचा प्रयत्न नाही, योजना नाही. जे घडले ते भांडणानंतरच्या पंधरा मिनिटांत. सासर भरलेले, म्हणजे आधारही आहे असेच लिहिले जाणार. बेरीज शून्य किंवा एक. आता शेजारी दुसरा आकडा ठेवा : २०१६ साली जगभरात आत्महत्येने गेलेल्या स्त्रियांपैकी जवळजवळ ३७ टक्के भारतीय होत्या आणि भारतात अशा मृत्यूंमध्ये विवाहित तरुण स्त्रियांचा वाटा मोठा आहे. जो नवरा आणि जे घर अमेरिकेतल्या पट्टीने आधाराच्या खात्यात जमा धरले, तेच कित्येकदा इथे दुःखाचे कारण असते. पट्टी जिथे बनते तिथला संसार ती सोबत घेऊन येते.

०००

या पट्ट्यांची सर्वांत नेमकी परीक्षा इंग्लंडमध्ये झाली. तिथे स्वतःला इजा करून रुग्णालयात येणाऱ्यांची पद्धतशीर नोंद ऑक्सफर्ड, मँचेस्टर अशा शहरांत अनेक वर्षे ठेवली जाते. २००६ साली मँचेस्टरच्या संशोधकांनी चारच प्रश्नांचा एक नियमही बनवला होता. २०१७ मध्ये लीआ क्विनलिव्हन आणि सहकाऱ्यांनी पाच रुग्णालयांतल्या, स्वतःला इजा केल्याच्या ४८३ घटना घेऊन वेगवेगळ्या पट्ट्या एकाच वेळी तपासल्या. त्यांपैकी १४५ घटनांनंतर सहा महिन्यांत पुन्हा इजा करून घेतली गेली, म्हणजे शंभरात तीस. इथे घटना विरळ नव्हती, त्यामुळे रोझेनच्या गणिताची सबबही उरली नव्हती.

निकाल असा लागला. ‘सॅड पर्सन्स’ने पुन्हा इजा करून घेणाऱ्यांपैकी शंभरात एक पकडला. मँचेस्टरच्या नियमाने शंभरात सत्त्याण्णव पकडले, पण ज्यांनी पुन्हा काही केले नाही त्यांच्यातल्याही बहुतेकांवर तोच शिक्का मारला. पट्टीने ‘जास्त धोका’ म्हणावे आणि ते खरे निघावे, असे घडण्याचे प्रमाण सगळ्यांत वाईट पट्टीत १३ टक्के; सगळ्यांत वरचा ४७ टक्क्यांचा आकडा तपासणाऱ्याच्या स्वतःच्या अंदाजाचा होता, कोणतीही पट्टी त्याच्या वर गेली नाही. म्हणजे उत्तम पट्टीचे बोटसुद्धा निम्म्याहून अधिक वेळा चुकीच्या माणसाकडे वळले.

या अभ्यासात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. संशोधकांनी पट्ट्यांबरोबर आणखी दोन गोष्टी नोंदवल्या होत्या. तपासणाऱ्याला विचारले, तुम्हाला काय वाटते? आणि रुग्णालाच विचारले, तुम्ही पुन्हा असे कराल असे तुम्हाला वाटते का? या दोन साध्या अंदाजांपेक्षा सरस ठरेल अशी पट्टी सापडली नाही आणि काही पट्ट्या तर त्यांच्यापेक्षा पुष्कळच वाईट ठरल्या. ज्याच्याविषयी एवढा खटाटोप चालला होता, त्याला विचारणे हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग होता.

त्याच वर्षी जुन्या अभ्यासांचे दोन मोठे आढावे आले. एकात दिसले की ‘जास्त धोका’ असा शिक्का बसलेल्या शंभरांपैकी साधारण साडेपाच जण पुढे आत्महत्येने जातात. दुसऱ्याने पन्नास वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र केले आणि भाकितांची अचूकता नाणेफेकीहून किंचितच बरी, असे नोंदवले. पन्नास वर्षांत ती वाढलीही नव्हती.

इंग्लंडमध्ये उपचारांचे नियम ठरवणारी ‘नाइस’ ही संस्था तोवर जागी झालेली होती. आत्महत्येचे किंवा पुन्हा इजा होण्याचे भाकीत करायला पट्ट्या वापरू नका, असे तिने २०११ मध्येच सांगितले. २०२२ मध्ये ती आणखी पुढे गेली : कमी, मध्यम, जास्त अशी वर्गवारीही करू नका; कोणाला उपचार द्यायचे आणि कोणाला घरी सोडायचे हे गुणांवरून ठरवू नका; त्या माणसाशी नीट बोला, त्याची गरज काय आहे ते पाहा.

मग त्या टिकल्या का? माझा तर्क असा, की पट्टी रुग्णापेक्षा रुग्णालयाच्या उपयोगी पडते. भरलेला कागद केसपेपरला जोडलेला असला की उद्या काही विपरीत घडल्यास दाखवायला पुरावा राहतो. रात्री दोन वाजता एकट्या पडलेल्या शिकाऊ डॉक्टरला बेरजेचा आधार वाटतो, हेही खरे आहे. दारू, पूर्वीचा प्रयत्न, घरचा आधार हे विचारायचे राहू नये म्हणून यादी समोर ठेवायला काहीच हरकत नाही. यादी बोलणे सुरू करून देते, बेरीज ते संपवते. सगळा फरक तिथे पडतो.

०००

या इतिहासातला मला सर्वांत जवळचा वाटलेला माणूस म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचे मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोटो. त्यांनीही मोजपट्टी केली होती. १९८५ साली २,७५३ रुग्णांच्या पाठपुराव्यातून त्यांनी १५ मुद्द्यांची पट्टी तयार केली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून ते आणखी एक काम करीत होते. नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे दाखल झालेले आणि घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारलेले ८४३ जण त्यांनी निवडले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला पाच वर्षांत साधारण २४ छोटी पत्रे गेली. त्यात उपदेश नव्हता, येण्याचा आग्रह नव्हता. तुमची आठवण आहे, बरे असाल अशी आशा आहे, कळवावेसे वाटले तर कळवा, अशा आशयाच्या दोन-चार ओळी. दुसऱ्या गटाला काही गेले नाही. २००१ साली मोटो आणि ॲलन बॉस्ट्रॉम यांनी अंतिम निष्कर्ष मांडले : पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळालेल्यांमधले आत्महत्येचे प्रमाण स्पष्टपणे कमी होते. इतरत्र केलेल्या अशा प्रयोगांना सगळीकडे सारखे यश आलेले नाही. तरी एक गोष्ट उरतेच. पत्र पाठवण्यापूर्वी मोटोंनी कोणाचे गुण पाहिले नव्हते.

याच धर्तीचा मोठा प्रयोग जागतिक आरोग्य संघटनेने पाच ठिकाणी केला, त्यांत आपले चेन्नई होते. बाकीची ब्राझील, श्रीलंका, इराण आणि चीनमधली. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेले १,८६७ जण घेतले. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी घरी जाण्याच्या सुमारास तासभर बोलणे झाले आणि नंतर १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. २००८ साली निकाल आला. नेहमीच्या उपचारांच्या गटात आत्महत्येने मृत्यू २.२ टक्के, दुसऱ्या गटात ०.२ टक्के. इथेही चाळणी लावलेली नव्हती. जो आला त्याच्याशी बोलले गेले.

आपल्याकडे मोजपट्टीच्या आधी पोलीस यायचे. भारतीय दंड विधानाच्या कलम ३०९ खाली आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवले होते, पण १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध ठरवले. केसपेपरवर ‘एमएलसी’चा शिक्का बसला की चौकीतून जबाब घ्यायला माणूस येणार, म्हणून नातेवाईक सांगत, ‘चुकून प्यायली’, ‘अंधारात बाटली कळली नाही’. जिथे पहिलेच उत्तर भीतीने दिलेले असते, तिथे त्यापुढच्या नऊ उत्तरांची बेरीज करून काय हाती लागणार?

२०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ ने हे चित्र बदलले. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायचे आणि तिला शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत जुने कलम ३०९ उरलेच नाही. कलम ११५ चा दुसरा भाग मात्र फारसा वाचला जात नाही. अशा व्यक्तीला देखभाल, उपचार आणि पुनर्वसन मिळवून देणे, म्हणजेच तिने पुन्हा तसे करण्याचा धोका कमी करणे, हे सरकारचे कर्तव्य आहे, असे तो सांगतो. त्यात गुणांची अट नाही. कमी धोका, जास्त धोका अशी रांग नाही. रोझेनपासून क्विनलिव्हनपर्यंतच्या संशोधनातून जे निघाले, तेच या कलमात आधीच लिहिलेले आहे : जो आला, तो प्रत्येक जण हक्कदार.

तेव्हा आपल्या घरातले कोणी अशा प्रसंगातून वाचून डिस्चार्ज कार्ड घेऊन निघत असेल, तर ‘आता धोका नाही ना?’ असे डॉक्टरांना विचारून समाधान मानू नये. त्याचे खरे उत्तर कोणाकडेच नाही. त्याऐवजी विचारावे : पुढच्या आठवड्यात याच्याशी कोण बोलणार, कुठे आणि किती वाजता? त्या आठवड्यापर्यंतही थांबवत नसेल, तर सरकारची टेलीमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे, मराठीतून बोलता येते. आणि घरी आल्यावर त्या माणसालाच विचारावे, तुला काय वाटते, कसे वाटते. त्याने दिलेल्या उत्तराला गुण द्यायचे नसतात, ते ऐकून घ्यायचे असते.