पित्ताशयातील खडे : जोखमीची कारणे
पित्तातले कोलेस्टेरॉल वाढले किंवा पित्ताशय नीट रिकामे झाले नाही, की खडे धरू लागतात. गरोदरपणात इस्ट्रोजेन पहिली गोष्ट घडवते, प्रोजेस्टेरॉन दुसरी. म्हणून बाळंतपणे झालेल्या स्त्रियांत हा विकार अधिक. वय, आनुवंशिकता, मधुमेह व लठ्ठपणाही भर घालतात. पुण्याच्या वाघोलीसारख्या उपनगरात बैठे काम करणाऱ्यांनी वजन आटोक्यात ठेवावेच. पण आठवड्याला दीड किलोहून वेगाने उतरवलेले वजन उलट खड्यांना निमंत्रण देते. सडपातळांनाही खडे होतात, हा आक्षेप खरा; त्याने वरील कारणे मात्र खोटी ठरत नाहीत. नंदुरबार-गडचिरोलीतील सिकलसेलच्या रुग्णांत तांबड्या पेशी फुटून बिलिरुबिन वाढते, काळे खडे बनतात; अशा मुलाची पोटदुखी ‘पित्त झालंय’ म्हणून अंगावर काढणे धोक्याचे.