तीन फूट उंची आणि एक कर्णा

जलशाचा इतिहास लिहिणारे गाण्यांबद्दल लिहितात, शाहिरांबद्दल लिहितात. कर्णा कुणी बांधला, बॅटरी कुणी वाहिली, हे कुणी लिहीत नाही. मी लासुर्ण्याचा. सत्तरच्या दशकात आणि पुढं काही वर्षं एका गायन पार्टीत माईक लावायचं काम केलं. गळा नव्हता म्हणून हे काम मिळालं. पार्टीचं नाव सांगत नाही. त्यातले बरेच जण आता गेले आणि मागं राहिलेल्यांत नावावरून भांडणं आहेत.

बारामती-इंदापूर रस्त्यानं बेलवाडी सोडली की लासुर्णे, पुढं जंक्शन, मग अंथुर्णे. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, चहूकडं ऊस, अलीकडं भवानीनगरचा कारखाना, पलीकडं वालचंदनगर. ऊस दुसऱ्याचा, कोयता आमचा. बोलावणं आलं की आमचे शाहीर, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, त्या गावच्या पोरांना पोस्टकार्ड टाकायचे. मजकूर ठरलेला असायचा. स्टेज तीन फूट उंच, बारा बाय सोळा. माणसं नऊ. लाइटचं कनेक्शन असेल तर कळवा, नसेल तर तसं कळवा, बॅटरी आणू. वीस फुटी बांबू दोन. गॅसबत्त्या दोन. हलगी शेकायला पाचट. जेवण सगळ्यांना एका पंगतीत.

ही एवढी यादी. पण दोस्तहो, हिच्यातली एकेक ओळ कुठून आली ते पाहायला लागलं की शंभर वर्षं मागं जावं लागतं.

जुन्या तमाशाला स्टेज लागत नव्हतं. चावडीपुढं नाहीतर वाड्यापुढं मोकळी जागा, मशाली पेटवलेल्या, तिन्ही बाजूंनी माणसं. बघणारे ओट्यावर, नाचणारे-गाणारे खाली मातीत. म्हणजे कलावंत खाली आणि मायबाप वर, ही रचनाच होती. कलावंत कोण, तर बहुतेक महार, मांग, कोल्हाटी. सत्यशोधक समाज १८७३ साली निघाला. त्याच्या जलशांनी तमाशाचाच साज उचलला, ढोलकी, तुणतुणं, झांज सगळं तेच ठेवलं आणि आतला माल बदलला. १९३० च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. (हे भीमराव. वामनदादा कर्डक वेगळे. पोरं दोघांची गल्लत करतात.) भीमरावांनी १९७८ साली 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक लिहून ठेवलं म्हणून निदान तेवढं तरी राहिलं. गणातला देव गेला, गवळण गेली, त्या जागी पाणवठा, शाळा, सावकार आले. माझ्या समजुतीनं आणखी एक गोष्ट बदलली. गाणारा बक्षिसीसाठी गात नव्हता, सांगायला आला होता. आणि सांगणारा खाली मातीत कसा बसेल?

तीन फुटांचं तांत्रिक कारण साधं आहे. जमिनीवर बसलेल्या माणसाचं डोकं अडीच-पावणेतीन फुटांवर येतं. स्टेज त्याच्याहून खाली असेल तर मागच्या रांगांना फक्त पुढच्यांचे पदर आणि टोप्या दिसतात. बायका नेहमी मागं बसलेल्या, त्यांना तर काहीच दिसत नाही. तोंड दिसलं की शब्द निम्मा जास्त कळतो, हा माझा अनुभव. तीन फूट म्हणजे काही महाल नव्हे. दोन बैलगाड्या पाठीला पाठ लावायच्या, चाकांना दगड लावायचे, जू दगडांवर टेकवून सपाटी करायची, वर फळ्या आणि सतरंजी. पण ह्या तीन फुटांवरून जेवढा तंटा मी पाहिला तेवढा गाण्यावरून पाहिला नाही. एका गावात आम्हाला सांगितलं, "गा की, कोण न्हाय म्हनतंय? पर खाली बसून गा." गाड्या मिळाल्या नाहीत. आमच्या पोरांनी मग वस्तीतल्या घरांतले दगड आणि एका घराचं पाडलेलं दार आणून स्टेज रचलं. ते दोन फुटांच्या वर गेलं नाही. अण्णा त्या रात्री सगळा कार्यक्रम उभे राहून गायले.

आता आवाजाचं. मोकळ्या रानात भिंत नसते, आवाज परत येत नाही. अंतर दुप्पट झालं की तो सहा डेसिबलनं उतरतो. माणसाचा कान दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्टीत सगळ्यात तिखट. आमचे जुने गाणारे हे पुस्तकात शिकले नव्हते, पण वरच्या पट्टीत गात होते, आणि ओळ संपता संपता मागचे झीलकरी तीच ओळ उचलून आणखी लांब फेकत होते. शहरातल्या शहाण्यांनी ह्याला किंचाळणं म्हटलं. ते गाणं दिवाणखान्यासाठी नव्हतंच. हजार माणसांना माईकशिवाय ऐकू जायचं तर दुसरा उपाय काय? शाहीर अमर शेखांचा पहाडी आवाज हीच त्यांची यंत्रणा होती. १९६९ साली १८ जुलैला अण्णाभाऊ साठे गेले आणि सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख आमच्या ह्याच इंदापूरजवळ मोटार अपघातात गेले. मी तेव्हा लहान होतो. घरातली माणसं बोलत होती, ते आठवतं.

लाउडस्पीकर आधी सत्तेजवळ आणि पैशाजवळ गेला. काँग्रेसच्या मोठमोठ्या सभांना मोटवान्यांच्या शिकागो रेडिओचे कर्णे असत. वस्तीपर्यंत तो यायला पुढची कितीतरी वर्षं गेली. १९५६ च्या दीक्षेनंतर गावोगाव भीमजयंती मोठी होऊ लागली, गायन पार्ट्या, कव्वालीचे सामने सुरू झाले. वामनदादा गाव गाव पालथं घालत होते, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांची नावं झाली. आमच्यासारख्या खेड्यातल्या पार्ट्यांनी मग वर्गणी काढून एक अहुजाचा अॅम्प्लिफायर, एक माईक आणि दोन कर्णे घेतले. एस.टी.च्या टपावर ते चढवायला मी.

माईक एकच. आजच्या पोरांना हे खरं वाटत नाही. मिक्सर नव्हता, तर अंतर हाच मिक्सर. अण्णा माईकपासून एक वीत. पेटी डाव्या हाताला, जवळ, कारण सूर हलला की सगळं हललं. झीलकरी एक पाऊल मागं, अर्धगोल करून. ढोलकी त्यांच्या मागं. बेंजो कोपऱ्यात. हलगी थेट दहा पावलं लांब, स्टेजच्या खाली. ती माईकजवळ आली तर शब्द मेला म्हणून समजा. हिवाळ्यात दहिवरानं हलगीचं कातडं सैल पडतं, ठोका बद्द येतो, म्हणून दर दोन गाण्यांनी पाचटाच्या जाळावर धरायची. पाचट भुर्रकन पेटतं आणि विझतं, त्यामुळं कातडं करपत नाही. लाकडाच्या निखाऱ्यावर धरली तर फाटते. हलगीवाले दादा पूर्वी गावकीत वाजवायचे. ते त्यांनी सोडलं होतं, हलगी सोडली नव्हती. तीच हलगी कुणाच्या लग्नात नवरदेवापुढं वाजायची, ती आता बाबासाहेबांच्या नावानं वाजत होती, आणि तरीही तिची जागा माईकपासून दहा पावलं लांब. हे मला तेव्हा लागायचं. आज वाटतं, कारण आवाजाचंच होतं.

कर्णे माईकच्या पुढं आणि तोंड माणसांकडं. मागं राहिले तर माईक त्यांचाच आवाज परत ओढतो आणि शिट्टी वाजते. दोन्ही कर्णे एकाच बांबूवर बांधायचे, एकाचं तोंड गावाकडं, एकाचं वस्तीकडं. हौशी पोरं एक इथं आणि एक शंभर मीटरवर लावतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, म्हणजे शंभर मीटरला पाव सेकंदाहून जास्त. मग 'शिका' ऐकू येतं तोवर मागून दुसरा 'शिका' येतो आणि 'संघटित व्हा' दोन्हींत बुडतं. कर्ण्याला खर्ज नाही, ढोलकीची धूम त्यातून निघत नाही. पण क, च, ट, प सगळे स्वच्छ निघतात. शब्द पोचवायला हे गरीब यंत्र फार इमानी.

एकदा अर्ध्या गाण्यात लाइट गेली. आजूबाजूच्या घरांत दिवे होते, म्हणजे वीज गेली नव्हती, आमची तार कुणीतरी काढली होती. अॅम्प्लिफायर बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालायचा. ट्रॅक्टरची बॅटरी सोबत होती. मी अंधारात, घाईत वायरी उलट्या जोडल्या. फ्यूज उडाला. दुसरा नव्हता. अण्णांनी पेटीवाल्याला खूण करून पट्टी चढवली, माणसं उठून पुढं सरकली, हलगीवाले दादा आपणहून आणखी मागं गेले. दोन तास तसंच चाललं. परतताना मी तोंड लपवत होतो. अण्णा एवढंच म्हणाले, "दोन फ्यूज खिशात ठेवत जा, रं. आन् प्लसला लाल दोरा बांध." तार काढणाऱ्याबद्दल ते काही बोलले नाहीत. मी मात्र त्याला अजून माफ केलेलं नाही.

आता भिंतीएवढे बॉक्स येतात. २००० सालच्या नियमांनी लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. राज्य सरकार वर्षात १५ दिवसांपर्यंत १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. सुप्रीम कोर्टानं २००५ साली ह्यावर शिक्कामोर्तब केलं. पोरं माझ्याशी परवानगीवरून वाद घालतात, ठीक आहे. माझा वाद वेगळा आहे. त्या भिंतीतून चाळीस ते शंभर हर्ट्झचा दणका निघतो, छाती हलते. मीही नाचलोय, खोटं कशाला बोलू? पण गाण्यातला शब्द मागच्या म्हातारीला कळला का, हे कुणी तिला जाऊन विचारत नाही. अण्णा मला दर कार्यक्रमात शेवटच्या रांगेत पाठवायचे. तिथं बसलेल्या बाईला विचारायचं, "आक्का, आत्ता काय म्हनले?" तिनं ओळ सांगितली नाही तर कर्ण्याचं तोंड हलवायचं.

दोन कर्ण्यांपैकी एक अजून माझ्याकडं माळ्यावर आहे. युनिटचा पडदा गेलाय, भोंगा शाबूत आहे. पडदा बारामतीत मिळेल. ज्यांना खरोखर जलसा बांधायचाय त्यांनी येऊन घेऊन जावा. येताना बांबू आणू नका, ते आहेत.