किल्ट : रोजच्या नेसूचा इतिहास

स्कॉटलंडचे नाव काढताच चौकडीचा किल्ट नेसलेला, मशकीचे वाद्य वाजविणारा पुरुष आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. हा त्या देशाचा पुरातन राष्ट्रीय वेष, अशी सर्वत्र समजूत आहे. इतिहास पाहू जाता वेगळी हकीकत आढळते. आज लग्नकार्यात मिरविणारे हे वस्त्र मुळात डोंगरातील गरीब माणसाचे रोजचे नेसू होते. ते रोजच्या अंगावरून कसे उतरले व समारंभास कसे चढले, हे पाहणे आपणांसही बोधप्रद होईल.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखास हायलंड्स म्हणतात. तेथे सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून पुरुष एक लांबरुंद लोकरी वस्त्र वापरू लागले. माग अरुंद असत, म्हणून कापडाचे दोन पट्टे जोडून ते रुंद करीत. त्याच्या निऱ्या घालून कमरेस पट्टा आवळावयाचा. खालचा भाग गुडघ्यापर्यंत येई, वरचा खांद्यावर टाकता येई. पाऊस आला की तेच डोक्यावर घ्यावे, रात्री रानात तेच पांघरावे. आपल्याकडील धनगराच्या घोंगडीचे जे काम, तेच याचे. अठराव्या शतकाच्या आरंभी त्याचा केवळ खालचा अर्धा भाग नेसण्याची रीत पडली. टॉमस रॉलिन्सन या इंग्रज कारखानदाराने आपल्या मजुरांच्या सोयीसाठी ही सुधारणा केली, असे एका जुन्या पत्रात म्हटले आहे; तिचे श्रेय त्यालाच द्यावे की नाही, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कसेही असो, आजचा किल्ट तो हाच.

१६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने उठलेल्या हायलंडरांचा मोड झाला. लंडनच्या सरकारने त्यांच्या हत्यारांबरोबर त्यांच्या वेषावरही हात टाकला. १ ऑगस्ट १७४७ पासून पुरुषांस व मुलांस हा वेष करण्याची बंदी झाली. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने तुरुंग, दुसऱ्यास सात वर्षे समुद्रापार हद्दपारी! अपवाद एकच : राजाच्या सैन्यातील शिपाई. घरी जे नेसणे गुन्हा, तेच राजाच्या चाकरीत भूषण ठरले.

या हायलंडर पलटणींचा आपल्या भूमीशीही संबंध आला आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे शिंदे व भोसले यांच्या फौजांशी वेलस्ली लढला, तेव्हा त्याच्याकडील गोऱ्या पायदळाच्या दोन्ही पलटणी, ७४ वी व ७८ वी, हायलंडरांच्याच होत्या. ज्यांच्या वाडवडिलांचा मुलूख सरकारने बंदुकीच्या जोरावर वठणीवर आणला, त्यांचेच नातू त्याच सरकारसाठी मराठ्यांवर चालून आले. इतिहासाचे असे फेरे असतात.

बंदी १७८२ मध्ये उठली. परंतु पस्तीस वर्षांत एक अख्खी पिढी विजार घालून वाढली होती, आणि कायदा रद्द झाल्याने मोडलेली सवय परत येत नाही. किल्ट उचलला तो वरिष्ठ वर्गाने. ऑगस्ट १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला. दीडशेहून अधिक वर्षांत राज्यावर असलेला राजा स्कॉटलंडात आला नव्हता. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी सोहळ्याची आखणी केली, राजाने स्वतः किल्ट नेसला, आणि ज्या सखल मुलखातील सभ्य गृहस्थांचे पूर्वज हायलंडरांस रानटी समजत, तेही चौकडीचे कापड लेऊन पुढे आले. त्याच काळात मेंढ्यांच्या कुरणांसाठी खऱ्या हायलंडरांस जमिनीवरून हुसकून लावणे चालू होते. १८१४ साली स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात कुळांची घरे जाळण्यात आली. वस्त्राचा सत्कार होत होता आणि ते विणणारा, नेसणारा माणूस देशोधडीस लागत होता.

आज स्कॉटलंडात किल्ट लग्नात, पदवीदान समारंभात व फुटबॉलच्या सामन्यांस दिसतो. सुमारे आठ वार लोकरीचा उंची किल्ट महाग पडतो, म्हणून पुष्कळ जण तो भाड्याने आणतात. अलीकडे मात्र काही लोक तो साध्या सदऱ्यावर किंवा स्वेटरवर, जाड बूट घालून, बाजारहाट करताना नेसू लागले आहेत. डेनिमचे व एकरंगी किल्ट निघाले आहेत. अमेरिकेत सिॲटल येथे २००० साली खिसे असलेले, कामावर वापरण्याजोगे किल्ट शिवणारा उद्योग सुरू झाला. परंपरेच्या अभिमान्यांस हा पोरकटपणा वाटतो. पण इतिहासाचा कौल कोणाच्या बाजूने आहे? चिखलापावसात वापरावयाचे वस्त्र चिखलापावसात वापरणारा माणूस मूळ परंपरेच्या अधिक जवळ आहे.

आपल्या धोतराची स्थिती आज काय आहे? शहरातील तरुण धोतर नेसून बाहेर पडला, तर आज घरी कसली पूजा आहे, असेच त्याला विचारतात. सरकारी बंदीवाचूनही आपण तेथवर येऊन पोहोचलो. वस्त्र पेटीत जपून ठेवल्याने त्याचा मान राहील, पण ते जिवंत राहील ते अंगावर झिजल्यानेच. भाषेचे आणि रीतीभातींचेही असेच आहे, हे सुज्ञ श्रोत्यांस वेगळे सांगणे नलगे.