लिलावाआधी कबड्डीतला बचावपटू कसा पारखायचा?

भिवंडी : गावच्या मैदानावर टाळ्या पडतात त्या चढाईला. पण २०२३ च्या प्रो कबड्डी लिलावात पुणेरी पलटणने तब्बल २ कोटी ३५ लाख रुपये मोजले ते इराणच्या मोहम्मदरझा शादलुईसाठी, आणि त्याची खरी ओळख पकडीची. पडघा, अनगाव, खारबाव पट्ट्यातलं एखादं पोरगं चांगली पकड करत असेल, तर निवड चाचणीआधी त्याचा खेळ असा तपासा.

जागा ठरवा
कॉर्नरला घोट्याची पकड आणि पट काढणं यायलाच हवं. कव्हरला धडक, ब्लॉक आणि साखळीतली साथ लागते. जकार्ता एशियाडमध्ये (२०१८) कांस्यपदक जिंकलेल्या भारतीय संघातला महाराष्ट्राचा गिरीश एरनाक हा डावा कॉर्नर. त्याच्या जुन्या लढती पोरांना दाखवा.

जमेच्या बाजू
• चढाईपटू परत वळेपर्यंत थांबण्याचा संयम.
• शेजारच्या गड्याने पकड केली की लगेच मदतीला धावणं.
• तीन किंवा कमी गडी उरले असतानाही न डगमगणं. अशा वेळी अव्वल पकडीचे २ गुण मिळतात.

कच्चे दुवे
• घाईने झेप घेऊन गुण देणं.
• स्पर्श होण्याआधीच लॉबीत पाय पडणं. तिथे गडी थेट बाद.
• एकच पकड येणं. समोरचा संघ ती दोन चढायांत ओळखतो.
• फक्त मातीची सवय. मॅटवर बूट घालून पायांची हालचाल वेगळी होते.
• वजन. प्रो कबड्डीत मर्यादा ८५ किलोची आहे.

वहीत हिशेब ठेवा
नुसत्या यशस्वी पकडी मोजू नका. एकाने १५ प्रयत्नांत ७ पकडी केल्या, दुसऱ्याने १० प्रयत्नांत ६. पहिल्याचा आकडा मोठा दिसतो, पण त्याचे ८ प्रयत्न फसले, दुसऱ्याचे चारच. संघाच्या कामाचा दुसराच. किमान पाच सामन्यांची अशी नोंद ठेवा.

पालकांनो, एवढं लक्षात घ्या
गुडघ्याचं दुखणं लपवून पोराला चाचणीला उतरवू नका. एक संधी हुकली तर पुढची येते, गुडघा गेला की खेळच संपतो. शाळा-कॉलेज सोडू देऊ नका, स्पर्धांची प्रमाणपत्रं जपून ठेवा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. लिलावात नाव नाही आलं, तरी ही वाट उघडी राहते.