शोभेचा बांबू : कराडची घरबाग

बांबू हे झाड नव्हे, गवत आहे, उसाचा भाऊबंद. कृष्णा-कोयनेच्या काठी ऊस पिकवणाऱ्या कराड परिसराला त्याची निगा नवखी वाटत नाही.

घरबागांत सर्वांत ओळखीचा आहे हिरव्या रेघांचा पिवळा बांबू, म्हणजे बांबुसा व्हल्गॅरिसचा ‘व्हिटाटा’ हा प्रकार. याला फुलोरा क्वचितच येतो आणि बी धरत नाही, म्हणून उसाप्रमाणेच टिपऱ्या लावाव्या लागतात. एक-दोन वर्षांच्या काठीचे दोन-तीन डोळ्यांचे तुकडे पावसाळ्याच्या तोंडावर आडवे पुरले, की कोंब फुटतात. जमिनीत हे बेट १० मीटरहून उंच जाते. कुंपणाला चिकटून लावले तर शेजाऱ्याशी भांडण ठरलेलेच. २ मीटर तरी अंतर सोडावे. मधूनच निखळ हिरवी काठी निघाली तर ती बुडातून काढतात.

फुगीर पेरांच्या ‘बुद्धा बेली’ची (बांबुसा व्हेन्ट्रिकोसा) तऱ्हा उलटी आहे. कुंडीत मुळ्या आवळलेल्या आणि पाणी बेताचे असले, तरच त्याची पेरे फुगतात. काळ्या कसदार जमिनीत खतपाणी मिळाले की तोच बांबू सरळसोट वाढतो आणि ज्या पोटासाठी आणला ते दिसेनासे होते. आडोशासाठी बारीक काठ्यांचा, छाटणी सोसणारा बांबुसा मल्टिप्लेक्स बरा. काचेच्या भांड्यातला ‘लकी बांबू’ मुळात बांबूच नाही; ती आफ्रिकेतली ड्रॅसिना.

काळी माती पाणी धरून ठेवते, तेव्हा खड्ड्यात वाळू किंवा मुरूम मिसळून लागवड थोडी उंचावर करावी. बुडाशी पाचट पसरले तर एप्रिल-मेच्या उन्हात ओल टिकते.

नवे कोंब पावसाळ्यात येतात, दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतात आणि पुढे जाडीने वाढत नाहीत. याच कोवळ्या काठ्या बेटाला पोसतात. म्हणून विरळणी हिवाळ्यात करून तीन वर्षांपुढच्या जुन्या काठ्याच काढतात. काप पेराच्या गाठीलगत वरच्या बाजूने घ्यावा, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही. घरच्या काठ्या कापायला आता वन कायद्याची आडकाठी नाही. १९२७च्या भारतीय वन कायद्यात बांबू वृक्षांत मोडत असे. २०१७च्या दुरुस्तीने त्याला त्या व्याख्येतून वगळले. काढलेल्या काठ्या काही दिवस पाण्यात बुडवून वाळवल्या, की भुंगेरा कमी लागतो आणि परसातल्या घेवड्या-दोडक्याच्या मांडवाची सोय होते.