कडकट्ट

अण्णा, म्हणजे माझे आजोबा, चिपळूणच्या तार ऑफिसात होते. त्यांच्या गोष्टींत राजा-राणी नसायचे. पाऊस, तुटलेली तार आणि पलीकडचा माणूस, एवढीच पात्रं. घाटावरच्या ऑफिसात आज ड्यूटीवर कोण आहे, हे त्यांना पहिल्या दोन शब्दांतच कळायचं. कडकट्टवरून. तारेच्या यंत्राला आमच्या घरात हाच शब्द. एकजण लांब ठोका जरा जास्तच लांबवायचा, दुसऱ्याचे ठोके जेवणानंतर सुस्तावायचे. "हात ओळखू येतो," अण्णा म्हणत. त्या दुसऱ्याला त्यांनी नऊ वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. एके दिवशी त्याचे ठोके अडखळायला लागले, तेव्हा अण्णांनी आपणहून विचारलं, घरी सगळं बरं ना? बऱ्याच वेळानं उत्तर आलं, मुलगा तापानं फणफणलाय.

यावर आजीचं ठरलेलं वाक्य असे : "आणि इथं माझं डोकं दुखतंय, ते समोर बसून कळत नाही ह्यांना."

तारवाला दारात दिसला की मजकूर वाचायच्या आधीच बायका रडायला लागत. लग्नसराईत मात्र काम हलकं. शुभेच्छांची वाक्यं ठरलेली आणि त्यांना क्रमांक दिलेले. गिऱ्हाइकानं क्रमांक निवडायचा, अण्णांनी तेवढा आकडा ठोकायचा, पलीकडे कागदावर अख्खं वाक्य उतरायचं. मोबाइलवर नुसता गुलाब पाठवून मोकळ्या होणाऱ्या पोरांना कुणी नावं ठेवायला लागलं, की मला हे आकडे आठवतात.

१९९३ च्या मे महिन्यात मुंबईच्या काकांनी मनीष मार्केटातून टीव्ही गेम आणला. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं १५ जुलै १९८३ ला 'फॅमिकॉम' बाजारात आणला होता, त्याची ही स्वस्तातली नक्कल. गल्लीत कुणाकडे 'लिटल मास्टर', कुणाकडे 'मीडिया'. आमच्या डब्याला नावच नव्हतं. कॅसेटवर मात्र '९९९९९९ इन १' असं छापलेलं. आत खरे खेळ पाच-सात, बाकी तेच, नावं बदलून. कॅसेट लागली नाही की काढायची, पट्टीवर फुंकर मारायची, पुन्हा खुपसायची. आजीची हयात चुलीपुढे गेलेली. तिनं एकदाच फुंकली आणि मारिओ धावायला लागला. फुंकरीतल्या ओलाव्यानं उलट पट्टी गंजते, गुण येतो तो नुसत्या काढण्या-घालण्याचा, हे मी पुढे वाचलं. आजी गेल्यावर वाचलं, ते बरं झालं. आणि तो 'सुपर मारिओ ब्रदर्स' अख्खा मिळून ४० किलोबाइटचा! नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारं सुप्रभाताचं एक कमळ त्याहून जड असतं.

अण्णा त्या खोलीत पेपर वाचत बसायचे. 'कॉन्ट्रा'त ३० जीव मिळवायची एक युक्ती होती : वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, मग बी आणि ए. शेजारच्या मुलानं ती करून दाखवली, मी करायला गेलो तर जमेना. पेपर खाली न घेता अण्णा म्हणाले, "त्यानं दहा ठोके दिले होते. तुझे नऊच वाजले." पुन्हा सावकाश दाबलं. जीव मिळाले.

बदकं मारायच्या बंदुकीनं मात्र त्यांना दोन दिवस छळलं. गोळी जाते कुठे? चाप ओढल्यावर पडदा पापणी लवल्यासारखा काळा होतो, हे घरात आधी त्यांनीच हेरलं. त्या काळोखात बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि नळीतला डोळा तो उजेड दिसला की नाही एवढंच बघतो. म्हणजे बंदूक टीव्हीवर झाडत नाही, टीव्हीच बंदुकीवर झाडतो. "ही मारत नाही रे, ऐकते," असा अण्णांनी निकाल दिला.

पुढे फ्लॉपीवरचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया', तासावर पैसे मोजायचं सायबर कॅफे, नोकियातला साप. ती वर्षं सगळ्यांचीच सारखी गेली.

१५ जुलै २०१३ पासून देशातली तार बंद झाली. फॅमिकॉमला त्या दिवशी बरोबर ३० वर्षं झाली होती. बातमी ऐकून अण्णा म्हणाले, "अजून चालू होती?" आणि कूस बदलून झोपले.

जुलै २०२१ च्या पुरात आमचा जुना डबा टीव्ही गेला. माळ्यावरची बंदूक तेवढी कोरडी राहिली. नव्या सपाट टीव्हीवर ती चालत नाही. जुन्या पडद्यावर उजेड लगेच उमटायचा, या पडद्याला किंचित उशीर होतो, आणि तेवढ्यात खेळ नेम चुकला म्हणून मोकळा होतो.

परवा पुतणी हेडफोन लावून कुठल्या कुठल्या पोरांबरोबर खेळत होती. मधेच म्हणाली, "हा नव्या आयडीनं आलाय, पण तोच आहे."

"कशावरून?"

"कळतं ना काका. कोपऱ्यावर आला की उगाच दोनदा खाली बसतो."

मी तिला अण्णांची गोष्ट सांगितली. तिनं एक कान मोकळा करून शेवटपर्यंत ऐकली, मग विचारलं, "त्यांना पिंग किती मिळायचा?" पिंग म्हणजे आपण दाबल्यापासून पलीकडून उत्तर परत येईपर्यंतचा वेळ, हे मला तिनंच शिकवलेलं.

म्हटलं, "पावसाळ्यात कुंभार्ली घाटात झाड पडलं, तर दोन दिवस."