दुचाकीच्या टूलकिटचा इतिहास

दुचाकीसोबत हत्यारे बाळगण्याची पद्धत मोटारसायकलइतकीच जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या बहुतेक मोटारसायकली म्हणजे मजबूत केलेल्या सायकलीवर बसवलेले इंजिन. त्यामुळे सायकलस्वारांची चामडी हत्यारपिशवीही त्यांच्याकडे आपसूक आली. पाने, पक्कड आणि पंक्चरच्या सामानात जादा प्लगची भर पडली. मागचे चाक फिरवणारा पट्टा पावसात घसरे आणि ताण पडला की तुटे, म्हणून तो जोडायचे आकडेही लागत. 1907 साली आइल ऑफ मॅन बेटावर झालेल्या पहिल्या टीटी शर्यतीत दोन सिलिंडरच्या गटात रेम फाउलर नॉर्टनवर जिंकला, तोही वाटेत अनेकदा थांबून, पट्टा आणि प्लग यांची डागडुजी करत. 1913 साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या चाचणीत तर दुरुस्ती स्वतः करणे हाच स्पर्धेचा भाग होता.

भारतात 1955 मध्ये मद्रासला बुलेट आणि 1961 मध्ये म्हैसूरला जावा तयार होऊ लागली. या गाड्यांच्या इग्निशनमध्ये पॉइंट असत. त्यांच्यातले अंतर बिघडले की ठिणगी कमजोर पडे. पॉइंट घासायला पॉलिश पेपर, अंतर मोजायला फिलर गेज आणि स्क्रू ड्रायव्हर एवढ्यावर ते काम रस्त्याच्या कडेला होई.

स्कूटरची गरज थोडी वेगळी होती. 1946 च्या व्हेस्पाचा रचनाकार कोरादिनो दास्कानियो हा विमान अभियंता होता. त्याने चाक एकाच बाजूने धरले, त्यामुळे मोजके नट सैल करून ते निघे आणि स्टेपनी बसे. बजाज कंपनीने 1960 च्या दशकात पियाजिओच्या सहकार्याने व्हेस्पा बनवली आणि 1972 मध्ये स्वतःची चेतक बाजारात आणली. स्टेपनीची सोय तिच्यातही राहिली. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर तेलही जळे आणि प्लगवर कार्बन साचे. स्कूटर चालू होईना की प्लग पान्याने प्लग काढायचा, घासून पुसून परत बसवायचा, हे बहुतेक स्कूटरवाल्यांना येत असे. लांबच्या प्रवासात जादा प्लग आणि क्लचची वायरही डिकीत असे.

1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली. फोर-स्ट्रोक इंजिनामुळे पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याची गरज उरली नाही आणि प्लग खराब होण्याचे प्रमाण घटले. पुढे इलेक्ट्रॉनिक इग्निशन सर्वत्र रुळले आणि पॉइंट इतिहासजमा झाले. एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे बीएस-6 निकष लागू झाल्यावर बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. त्यातला बिघाड शोधायला गॅरेजमधले स्कॅनर लागते. तिथे पाना-पक्कड कामाची नाही.

कंपनीकडून मिळणारे टूलकिट त्यामुळे आटले. हौशी प्रवाशांचे किट मात्र आटले नाही, फक्त बदलले. ट्यूबलेस टायरचे पंक्चर चाक न काढता रबरी पट्टी भरून बुजवता येते, म्हणून पंक्चर किट आणि छोटा पंप आता सर्वांत उपयोगी सामान ठरले आहे. त्याच्या जोडीला आपल्या गाडीच्या नट-बोल्टच्या मापाचे पाने, अ‍ॅलन की, जादा फ्यूज आणि चिकटपट्टी असली, की रस्त्यावर दुरुस्त होण्यासारख्या बहुतेक बिघाडांना एवढे सामान पुरते.